मंडळाच्या खोलीतलं मेकरस्पेस: सिडको, नाशिक – कामाच्या नोंदी

मेकरस्पेस म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायची हत्यारं आणि यंत्रांची खोली. आपल्या कॉलनीत किंवा गावात असं काही सुरू करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी या नोंदी ठेवल्या आहेत. यंत्रांची माहिती सगळीकडे मिळते. ती यंत्रं साध्या खोलीत बसवताना काय अडतं, पैसे कुठे जातात आणि वेळ कुठे मोडतो, ते इथे लिहिलं आहे.

२ मार्च – जागा

सिडकोतल्या एका गणेश मंडळाने सामानाची खोली वापरायला दिली. साधारण १२ बाय २० फूट, पुढे शटर, मागे एक खिडकी, वर स्लॅब. भाडं नाही, वीजबिल आपण भरायचं. श्रावण लागला की सजावटीसाठी अर्धी खोली मोकळी करायची आणि गणपतीत पूर्ण द्यायची, ही अट. ती मंडळाच्या सभेच्या वहीत लिहून घेतली आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या घेतल्या. दरवर्षी अध्यक्ष बदलतात, तेव्हा तोंडी शब्दावर राहू नका.

कॉलनीतून वर्गणी आणि दोन-तीन मोठ्या देणग्या मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास जमले आहेत.

सभेत एका काकांनी विचारलं, "शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब आहेत ना, मग हे वेगळं कशाला?" रास्त प्रश्न आहे. २०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून निवडलेल्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं आणि सहावी ते बारावीची मुलं तिथे काम करतात. पण ती लॅब शाळा सुटली की बंद होते, आणि शेजारच्या शाळेतल्या मुलाला तिथे सहसा शिरता येत नाही. आयटीआय करून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत हेल्पर म्हणून लागलेला मुलगा, घरी शिवणकाम करणारी ताई, निवृत्त फोरमन, यांच्यासाठी तर कुठलंच दार नाही. आम्हाला ते दार हवं आहे.

नाशिकला हे अगदीच नवीन नाही. २०१५ च्या सिंहस्थाआधी इथे कुंभथॉन झाली, म्हणजे कुंभमेळ्यातल्या अडचणींवर उपाय शोधणारी शिबिरं. मूळचे नाशिकचे, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधले रमेश रासकर त्यामागे होते, आणि कॉलेजच्या पोरांनी गर्दी, आरोग्य, वाहतूक अशा प्रश्नांवर उपकरणं करून पाहिली. आमच्यातले काही जण पाबळच्या विज्ञान आश्रमातही जाऊन आले. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या त्या आश्रमात २००२ मध्ये फॅबलॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा, झाली, आणि एमआयटीबाहेरची ती पहिली फॅबलॅब मानली जाते. तिथून एक गोष्ट मनात पक्की करून आलो. काम आजूबाजूच्या माणसांच्या गरजेतून आलं पाहिजे, कॅटलॉगमधून नाही.

१४ मार्च – आधी अर्थिंग

यंत्रांची यादी तयार होती, पण फोरमन काकांनी हट्ट धरला की आधी वीज तपासायची. काका अंबडच्या कारखान्यात आयुष्यभर टूलरूममध्ये होते. त्यांचा हट्ट किती बरोबर होता ते त्याच दिवशी कळलं.

वायरमन दादांनी टेस्टर बाजूला ठेवून मल्टिमीटर लावला. फेज-न्यूट्रल २३४ व्होल्ट. फेज-अर्थ २३४. न्यूट्रल-अर्थ शून्य. आम्ही खूश झालो. दादा म्हणाले, "इतकं स्वच्छ शून्य येत नसतं, बोर्ड उघडतो." उघडला, तर अर्थच्या पिनेला मागून न्यूट्रलचीच तार मारलेली. जमिनीत काहीही गेलेलं नव्हतं. अशा जोडणीत कुठे न्यूट्रल तुटला, की यंत्राची पत्र्याची बॉडी थेट २३० व्होल्टवर येते आणि त्या बॉडीला मुलांचे हात लागलेले असतात. लेसरने कापायच्या यंत्रात किरण तयार करणाऱ्या नळीला तर १५–२० हजार व्होल्ट लागतात, तिथे खऱ्या अर्थिंगशिवाय बटण दाबायचंच नाही.

खोलीच्या मागे खड्डा खणायला घेतला. दोन फुटांवर मुरूम लागला आणि त्याखाली काळा पाषाण. पहार बोथट झाली, खड्डा काही खाली जाईना. ती जागा सोडली आणि कॉमन नळाच्या मोरीजवळ खणलं. तिथे माती खोल आहे आणि ओल वर्षभर टिकते. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, कोळसा आणि मीठ थराथराने, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकण. मग न्यूट्रल-अर्थ लोडवर दीड व्होल्टच्या आसपास आला.

सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), लेसरसाठी वेगळी लाइन, आणि सगळे सॉकेट टेबलाच्या उंचीवर. खाली लोंबणारी एक्स्टेंशन बोर्डं नकोत. सगळं मिळून ९ हजारांच्या वर गेले. यादीत या कामासाठी एक रुपयाही धरलेला नव्हता. तुम्ही धरा. उन्हाळ्यात दर आठवड्याला खड्ड्यात बादलीभर पाणी टाकायचं, ते काम एका मुलाकडे नेमून दिलं आहे.

२९ मार्च – हातहत्यारं

हत्यारं गावातून आणली, थोडी नवी, थोडी जुन्या बाजारातली. व्हाइस, हॅक्सॉ, कानशी, पक्कड, पाने, हातड्रिल, सोल्डरिंग आयर्न, बारीक मोजायला दोन डिजिटल व्हर्निअर, मल्टिमीटर. २० हजारांच्या आत बसलं. प्लायवूडवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवून भिंतीला लावली. संध्याकाळी कुठली आकृती रिकामी आहे ते दारातूनच दिसतं. कुलपात ठेवलेलं हत्यार मुलं मागायला लाजतात, म्हणून कपाट केलं नाही.

पहिल्या आठवड्यात मुलांना काकांनी फक्त कानस दिली. लोखंडी पट्टीचा तुकडा व्हाइसमध्ये, त्याची एक कडा सपाट आणि काटकोनात आणायची. मुलं कानस पुढे-मागे घासत होती. काकांनी थांबवलं. "पुढं जाताना दाबायचं, मागं येताना उचलायचं. दात पुढच्याच बाजूला कापतात. मागं दाबलं तर कानस मरते." मग गुण्या लावून उजेडाकडे धरायचं आणि फटीतून प्रकाश कुठे येतो ते बघायचं. सातवीतली एक मुलगी तासभर त्या एका कडेवर होती. शेवटी गुण्याखालून उजेड यायचा बंद झाला तेव्हा तिने तो तुकडा सगळ्यांना फिरवून दाखवला.

पालकांपैकी काहींना हे पटलं नाही. रोबोट शिकवणार म्हणून पाठवलं आणि तुम्ही लोखंड घासायला लावता, असं म्हणून दोघांनी मुलं काढून नेली. तरी क्रम बदलणार नाही. ०.१ मिलिमीटर म्हणजे किती हे बोटांना कळल्याशिवाय पुढचं कुठलंच यंत्र नीट वापरता येत नाही.

१२ एप्रिल – थ्रीडी प्रिंटर

साधा टेबलावरचा प्रिंटर, २२ हजार. १.७५ मिलिमीटरचं पीएलए फिलामेंट, म्हणजे प्लास्टिकची तार, किलोला ९०० ते १,००० रुपये. नोझल, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक सोडणारं तोंड, २०५ अंश; बेड, म्हणजे ज्यावर वस्तू बनते ती पाटी, ६०.

पहिले कितीतरी नमुने कोपऱ्यातून उचलले गेले. बेड लेव्हल पुन्हा पुन्हा केली, कागद सरकवून अंतर पाहिलं, गोंद लावला. कारण वेगळंच निघालं, डोक्यावरचा पंखा. वरून वारा लागला की प्लास्टिकचे थर एकसारखे थंड होत नाहीत, आकसतात आणि कोपरा सुटतो. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा उभा करून तीन बाजूंनी आडोसा केला आणि प्रश्न मिटला. पुठ्ठा तापणाऱ्या भागापासून वीतभर लांब ठेवा आणि प्रिंटरजवळ माणूस असू द्या.

पहिली कामाची वस्तू म्हणजे एका काकूंच्या मिक्सरची फिरवायची कळ. दांड्याचा डी आकार व्हर्निअरने मोजला, टिंकरकॅड या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काढला. पहिली कळ घट्ट झाली, दुसरी सैल. भोकाला ०.२ मिलिमीटर जास्त दिल्यावर तिसरी बसली. त्यानंतर कॉलनीतून तुटलेल्या वस्तूंची रांगच लागली, आणि मुलांना मोजमाप शिकवायला याहून चांगला अभ्यासक्रम मला सापडलेला नाही.

एक फसलेलं काम. रिक्षावाल्या दादांना मोबाइलचा स्टँड करून दिला. एप्रिलच्या उन्हात दुपारी तो मेणासारखा वाकला. पीएलए ६० अंशांच्या जवळपास मऊ पडतं आणि उन्हात उभ्या गाडीत काचेमागे तेवढं तापमान सहज होतं. पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये पुन्हा काढून दिला, ते ८० पर्यंत तग धरतं. नोझल २४० वर न्यावं लागतं आणि बेड ७५–८० वर.

३ मे – लेसर

नावाच्या पाट्या करणारं एक दुकान बंद होत होतं. त्यांचा ६० वॅटचा कार्बन डायऑक्साइड लेसर ७० हजारांना मिळाला. नवा याच्या दुपटीच्या पुढे जातो. जुनं घेताना सोबत ३ मिलिमीटर एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) न्या आणि समोर कापायला लावा. फक्त कोरून दाखवतील तर समाधान मानू नका. थकलेली नळी कोरते, कापत नाही.

आमची नळी सकाळी कापायची आणि दुपारी अडायची. किरण वळवणारे आरसे पुसले, भिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, फरक नाही. मग पाण्यात थर्मामीटर टाकला तर ३३ अंश. काचेच्या नळीभोवती फिरणारं पाणी १५ ते २५ अंशांत हवं. वर गेलं की ताकद पडते आणि नळीचं आयुष्यही झरतं. यंत्रासोबत आलेल्या कूलरला आम्ही चिलर समजत होतो. त्याच्यात फक्त रेडिएटर आणि पंखा आहे, कॉम्प्रेसर नाही. खोलीत ३८ अंश असतील तर तो पाणी ३८ च्या खाली आणूच शकत नाही.

खरा चिलर घ्यायला आत्ता पैसे नाहीत. तोपर्यंत सोय अशी केली आहे. पाण्याची टाकी मोठी केली, शीतपेयाच्या बाटल्यांत पाणी भरून शेजारच्या वहिनींच्या फ्रीजरमध्ये बर्फ करायचा, झाकण बंद ठेवून त्या बाटल्या टाकीत सोडायच्या, आणि पाणी २८ च्या वर गेलं की काम थांबवायचं. कापायचं काम सकाळी ११ च्या आत. बोअरचं पाणी अजिबात घालू नका, नळीत क्षार धरतात आणि त्या पाण्यातून वीजही वाहते. आम्ही डिस्टिल्ड पाणी वापरतो, २० रुपये लिटरने मिळतं.

१७ मे – धूर

पहिल्यांदा धुराचा पाइप मागच्या खिडकीतून बाहेर सोडला होता. एमडीएफ कापायला घेतलं आणि वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. त्यांच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांना जळक्या लाकडाचा वास बसला होता. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. एमडीएफमधल्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड निघतं, तो श्वासात जाण्यासारखा धूर नाही.

६ इंची पीव्हीसी पाइप गच्चीच्या वर नेला. ब्लोअर आधी यंत्राजवळ होता. त्यामुळे पुढचा सगळा पाइप दाबाखाली यायचा आणि प्रत्येक जोडातून थोडा धूर खोलीत परतायचा. ब्लोअर गच्चीच्या टोकाला नेला. आता सगळा पाइप आत ओढतो आणि जोड सैल असला तरी धूर बाहेर येत नाही. दोन काटकोनी वळणं काढून तिथे तिरके जोड घातले, तेव्हा ओढ वाढली. खर्च साडेसात हजार. काकूंना बोलावून चालू यंत्रासमोर उभं केलं आणि मग त्यांच्या गॅलरीत जाऊन एकत्र वास पाहिला. त्या आता दर शनिवारी शिवणाच्या मशीनची कामं मुलांना शिकवतात.

३१ मे – सनबोर्ड आणि हिरवी ज्योत

मंडळाची मुलं सजावटीचं सनबोर्ड घेऊन आली. थर्माकोल २०१८ च्या बंदीपासून बंद आहे, म्हणून आता सगळीकडे सनबोर्ड. "लेसरवर पटकन कापून द्या ना दादा." नाही म्हणावं लागलं. सनबोर्ड पीव्हीसीचा फोम आहे. लेसरने जाळला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो फुप्फुसांना घातक आहे आणि यंत्राचे रूळ, आरसे, स्क्रू गंजवतो.

नुसतं नाही म्हटलं तर पोरं रात्री कुणी नसताना कापून बघतील, म्हणून दाखवलं. मोकळ्या अंगणात गॅसच्या ज्योतीत तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवली, ती सनबोर्डच्या कडेला टेकवली आणि वितळलेला कण घेऊन पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार झाली. हिरवी म्हणजे आत क्लोरीन आहे. तीच तार घासून साफ केली आणि ॲक्रिलिकला लावली, तर ज्योत पिवळीच राहिली. मग मुलांनी घरातून जे जे आणलं ते तपासलं. रेक्झिनची जुनी पर्स हिरवी. टेबलावर घालायचं पारदर्शक प्लास्टिक हिरवं. त्या दिवसापासून लेसरशेजारी तार आणि गॅसचा छोटा बर्नर टांगलेला असतो. ज्याचं नाव माहीत नाही असा तुकडा आधी अंगणात जातो.

दुसरा नियम, लेसर चालू असताना शेजारून हलायचं नाही. ॲक्रिलिक पेट घेतं. आमच्याकडे एकदा कापाच्या रेषेवर बोटभर ज्वाळा उभी राहिली. समोर असलेल्या मुलीने थांबवायचं बटण दाबून ओला फडका टाकला, भिंग वाचलं. कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक नळकांडं हाताच्या अंतरावर ठेवलं आहे.

१४ जून – नावाच्या पाट्या

घरांच्या पाट्यांची मागणी आली. यातून चालू खर्च निघेल असं दिसतं आहे, पण मराठी अक्षरं कापताना दोन अडचणी आल्या, त्या सविस्तर लिहितो.

इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये "आनंद" लिहून पाथ केला, म्हणजे अक्षरांच्या कडा रेषांत बदलल्या, आणि कापायला दिला. बाहेर आलं ते आ, न, द असं सुटं. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःची शिरोरेषा असते आणि ती पुढच्याच्या शिरोरेषेवर जराशी चढते. पडद्यावर रेषा सलग दिसते, लेसर मात्र प्रत्येक अक्षराची स्वतंत्र कड कापतो, त्यामुळे शिरोरेषेच्या सांध्यावर उभा काप बसतो. उपाय सोपा आहे. पाथ केल्यावर गट सोडायचा, सगळी अक्षरं निवडायची आणि युनियन द्यायचा, म्हणजे सगळे आकार एक होतात. मग आउटलाइन दृश्यात बघून खात्री करायची की सांध्यावर रेषा उरली नाही.

अनुस्वार तरीही सुटाच पडतो. त्याला अडीच-तीन मिलिमीटर रुंद दांडी देऊन शिरोरेषेला जोडतो. दांडी सरळ ठेवली तर विचित्र दिसते. थोडी तिरकी केली की लेखणीने ओढल्यासारखी वाटते. आठवीतल्या मुलाने हे सुचवलं. चंद्रबिंदू आणि रफार यांनाही प्रत्येक वेळी डोळ्यांनी बघावंच लागतं.

गिऱ्हाइकाने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दिली तर आपल्याकडे नुसती चिन्हं दिसतात. मजकूर पुन्हा टाइप करा आणि छापून गिऱ्हाइकाकडून ऱ्हस्व-दीर्घ तपासून सही घ्या. एक ॲक्रिलिकची पाटी एका वेलांटीपायी आम्हाला दुसऱ्यांदा करावी लागली, ६०० रुपये गेले.

खाचांवर बसणाऱ्या डब्यांसाठी आणखी एक. ३ मिलिमीटरचं म्हणून घेतलेलं एमडीएफ व्हर्निअरवर २.७ भरतं, आणि लेसर स्वतः ०.२ च्या जवळपास खातो. दर नव्या शीटचा आधी कंगव्यासारखा तुकडा कापून कुठली खाच घट्ट बसते ते बघायचं, मगच डबा.

५ जुलै – पाऊस

पावसाने सगळं बदललं. प्रिंटरमधून चटचट आवाज यायला लागला आणि वस्तूंवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. फिलामेंटने हवेतली ओल शोषली होती, नोझलमध्ये तिची वाफ होते. रीळ प्रिंटरच्या बेडवर ठेवलं, वर खोकं झाकलं, बेड ५० अंशांवर सहा तास. आवाज गेला. आता रिळं धान्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत असतात.

प्लाय वाकलं. वाकलेल्या शीटवर लेसरचा फोकस एका कोपऱ्यात लागतो, दुसऱ्यात नाही. शीट आता आडव्या, वजनाखाली. कानशी आणि व्हाइस गंजले, त्यांना तेलाचा हात दिला.

१९ जुलै – मुली का थांबल्या

मार्चमध्ये जवळपास निम्म्या मुली होत्या. जूनअखेर दोघी उरल्या. आम्ही विषयात कारण शोधत बसलो होतो. एका मुलीच्या आईला विचारलं तेव्हा सरळ उत्तर मिळालं. वेळ ७ ते ९ होती, पावसात अंधार लवकर पडतो, मागची गल्ली दिव्याविना, आणि खोलीत सगळे पुरुषच.

वेळ साडेचार ते साडेसहा केली आणि नंतरचे दोन तास मोठ्यांना दिले. शटर पूर्ण वर राहील असा नियम केला. शिवणवाल्या काकू आणि पॉलिटेक्निकची एक ताई आळीपाळीने हजर राहतात. गल्लीत दिवा लावायला मंडळाला सांगितलं, त्यांनी चार दिवसांत लावला. मुली परत आल्या, शिवाय नव्याही. एका यंत्राच्या किमतीहून या बदलाने जास्त काम केलं, आणि खर्च दिव्याचा.

२३ ऑगस्ट – खोली रिकामी

ठरल्याप्रमाणे खोली दिली. हत्यारांचा बोर्ड आणि प्रिंटर जिन्याखाली, लेसर एका सभासदाच्या पार्किंगमध्ये. मंडळाची सजावट यंदा पुठ्ठा आणि एमडीएफची झाली, सगळे काप आमच्याकडचे, आणि मंडळाने सामानाच्या पैशांबरोबर ५ हजार वर दिले.

लेसर हलवला की आरसे हलतात हे माहीत होतं, किती हलतात ते कळलं. परत बसवल्यावर एका कोपऱ्यात कापेना. जुळवणी अशी करतो. पहिल्या आरशापासून सुरुवात. पुढच्या आरशाच्या तोंडावर मास्किंग टेप, कमी ताकदीचा एक क्षणभर ठोका, टेपवर ठिपका. मग सरकता भाग दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा ठोका. दोन्ही ठिपके एकावर एक पडेपर्यंत आरशामागचे स्क्रू पाव-पाव फेरा. मधला आरसा जुळल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. आम्ही घाईत शेवटच्या आरशापासून सुरू केलं आणि त्यात बऱ्याच संध्याकाळी गेल्या. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ठोका देताना झाकण बंदच हवं. झाकणाची ॲक्रिलिक खिडकी तो किरण अडवते.

११ ऑक्टोबर – द्राक्षबागेतलं पान

दहावीतल्या एका मुलीच्या मामांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. गोडी (फळांसाठीच्या) छाटणीनंतर कोवळ्या पानांवर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, आणि पान किती तास ओलं राहिलं यावर त्याचा जोर ठरतो. मामा पहाटे उठून हाताने पानं चाचपतात. तिला ते तास मोजणारं उपकरण करायचं होतं. जूनपासून ती आणि तिचे दोन मित्र यावर आहेत.

तांब्याच्या बोर्डवर एकमेकांत घुसलेले दोन कंगवे काढले. पाणी पडलं की त्यांच्यामध्ये वीज वाहते. बोर्डला काळा स्प्रे मारायचा, लेसरने रेषांमधला रंग उडवायचा आणि उघडं तांबं फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवायचं. उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, त्यात तांबं असतं. आम्ही प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवतो.

पहिला बोर्ड काही दिवसांत मेला. एक कंगवा काळा पडून झिजला. सतत ५ व्होल्ट दिल्याने ओल्या बोर्डवर विद्युत अपघटन चालू होतं. आता दर दहा मिनिटांनी मोजण्यापुरतीच क्षणभर वीज दिली जाते, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, आणि तांब्यावर सोल्डरचा पातळ थर आहे. वर पांढऱ्या पाणरंगाचा हात दिला, त्यामुळे थेंब गोळा न होता पानावर पसरतो तसा पसरतो.

मग बॅटरी. आर्डुइनो उनो हा छोटा संगणक-बोर्ड ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर एक रात्रही धड टिकेना. रेग्युलेटर, यूएसबीची चिप असं सगळं मिळून तो बोर्ड काम नसतानाही ४५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो, आणि त्या बॅटरीत पाचशेच्या आत मिलिअँपिअर-तास असतात. भागाकार मुलांनीच केला. नुसती एटीमेगा ३२८ ही मुख्य चिप काढून वेगळ्या बोर्डवर लावली, तीन पेन्सिल सेल, मोजून झालं की चिप झोपते. नोंदी चिपच्याच १,०२४ बाइटमध्ये जातात. दिवसाला १४४ नोंदी, म्हणजे सात दिवस पुरतात. दर रविवारी मामांच्या बागेतून उपकरण काढून लॅपटॉपला लावायचं.

पहिल्या आठवड्यात उपकरण म्हणत होतं की पान आठच्या आधी सुकलं, मामा म्हणत होते नऊपर्यंत ओलं होतं. मामा बरोबर होते. बोर्ड वेलीच्या बाहेर, पूर्वेकडे तोंड करून बांधला होता, त्याला पहिलं ऊन लागायचं. आता पानांच्या मधोमध, ४५ अंश तिरका, तोंड उत्तरेला. दोघांच्या वेळा आता जवळ येऊ लागल्या आहेत. फवारणीचा निर्णय अजून मामांच्या बोटांवरच आहे आणि सध्या तो तसाच राहावा असं मुलीलाही वाटतं.

२५ ऑक्टोबर – हिशेब

सभासद वर्गणी महिना २०० रुपये, महापालिका शाळेतल्या मुलांना माफ. लेसर मोठ्यांना तासाला १५०, सामान ज्याचं त्याने आणायचं. वीज, डिस्टिल्ड पाणी, फिलामेंट, ब्लेड, चहा मिळून महिन्याला ५ ते ६ हजार जातात. पाट्यांची कामं नसती तर दोन महिने तोटा झाला असता.

पण पाट्यांनी मुलांचा वेळ खायला सुरुवात केली होती. दिवाळीच्या तोंडावर लेसर सतत गिऱ्हाइकाच्या कामात, आणि मुलं रांगेत. म्हणून कामाच्या ऑर्डरी फक्त मंगळवार आणि शुक्रवार, ८ च्या आत. बाकी दिवशी कितीही पैसे मिळाले तरी घेत नाही. दोन गिऱ्हाइकं गेली.

नळी आता १२ मिलिअँपिअरवर ३ मिलिमीटर एमडीएफ एका फेरीत कापत नाही, दोन फेऱ्या लागतात. नवी नळी १६ हजारांच्या आसपास. त्याआधी कॉम्प्रेसरचा चिलर घ्यायचा ठरवलं आहे, नाहीतर पुढच्या मे महिन्यात नवी नळीही तशीच थकेल. मंडळाच्या ५ हजारांतून सुरुवात केली आहे. मामांनी बागेच्या दुसऱ्या टोकासाठी आणखी एक उपकरण मागितलं आहे, आणि त्याचे सामानाचे ७०० रुपये रोख दिले.